भीमाआक्काचे अकरा सवाल

भीमाआक्का गेली तेव्हा द्वारकाबाईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. खाली वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं.

बारामतीहून इंदापूरला जीपमधून नेताना सगळ्यांनी तिला तेच सांगितलं. कैकाड्यांच्या वस्तीवर पोचल्यावर, थोरल्या बहिणीच्या उशाशी बसवल्यावरही बायका मागून तेच म्हणत राहिल्या, "द्वारकाबाय, रडू नगा. डोळा जाईल." डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा होता. त्या चष्म्यातून द्वारकाबाईला आक्काचं तोंड काळपट हिरवं दिसलं. ती बसून राहिली. मातीला माणसं निघाली तेव्हा कुणीतरी तिचा दंड धरून तिला उठवलं.

डोळा बरा झाला की रडू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. महिन्याभरानं डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि सगळं चांगलं असल्याचं सांगितलं. त्या दिवशी ती जळोचीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आली, दाराला कडी घातली आणि भिंतीला टेकून बसली. बराच वेळ बसली. काहीच आलं नाही. मग तिनं उठून चहा ठेवला.

द्वारकाबाई माने तेव्हा साठीला टेकली होती. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, कौसल्या, दौंडकडं दिलेली. आयुष्यभर तिनं एकच काम केलं, फोका विणायचं. निरेच्या काठची निरगुडी, तुरीच्या तुराट्या, मिळेल ते कापायचं, सोलायचं आणि त्याच्या पाट्या, कोंबड्यांची डालगी, धान्याच्या उंच कणग्या करायच्या. धान्य पोत्यात आणि पत्र्याच्या कोठीत गेलं तशा कणग्या संपल्या. फळांना प्लॅस्टिकचे क्रेट आले तशा पाट्याही संपल्या. आता लग्नाच्या रुखवतात ठेवायला म्हणून कुणी लहानशी टोपली मागायचं, तेवढीच.

लहानपणी दोघी बहिणी आईबापाच्या मागं गाढवं हाकत बारामती-इंदापूरची गावं फिरल्या होत्या. रात्री पालात पडलं की आई आणि आक्का कैकाडीत बोलायच्या. घरात दुसरी भाषाच नव्हती. मराठी ही गावात गेल्यावर, पाट्या विकताना बोलायची. आणि लग्न असलं की हळदीला ते गाणं व्हायचं. नवऱ्याकडची एक बाई सवाल टाकायची आणि नवरीकडची उत्तर द्यायची. सवाल असायचे व्यवहारातले. वाट चुकलीस तर कुणाला विचारशील? नदीला पाणी चढलं तर पाल कुठं टाकशील? फोका कापायला कुठल्या ओढ्याला जाशील? नवरी सासरी टिकेल का, याची ती परीक्षाच असायची. भीमाआक्का सवाल टाकायची, द्वारकाबाई उत्तरं द्यायची. बारा-तेरा वर्षांच्या असल्यापासून असंच चाललं होतं. दोघींची लग्नं झाली, पोरंबाळं झाली, तरी जातीत कुठंही हळद असली की दोघींना आमंत्रण यायचंच. भीमाचा नवरा सावळाराम ढोल धरायचा.

मग हळदीला डीजे आला आणि बोलावणी थांबली. पण भाषा त्याच्याही आधी थांबली होती, आणि ती या दोघींनीच थांबवली होती.

झालं असं होतं. कौसल्या पहिलीत असताना शाळेत गुरुजींनी मणी मोजायला दिले. पोरीनं घरच्यासारखे मोजले. कैकाडीत दोनाला जे म्हणतात ते मराठी कानाला बाईला दिलेल्या शिवीसारखं ऐकू येतं. काय म्हणतेस, असंही गुरुजींनी विचारलं नाही, सरळ थोबाडीत दिली. पोरगी गालावर बोटं उमटलेली घेऊन घरी आली. तिला कळतच नव्हतं की आपलं काय चुकलं. त्या संध्याकाळी भीमाआक्का म्हणाली, "द्वारके, आजपासनं पोरांम्होरं आपलं बोलायचं न्हाय." आणि दोघींनी ते पाळलं. पोरं समोर असली की मराठी. पोरं झोपली, बाहेर गेली की आपलं. भीमाच्या संभाजीला कैकाडी आली नाही, कौसल्याला आली नाही. त्यांच्या पोरांचा तर प्रश्नच नव्हता.

संभाजी पुढं लोणी देवकरच्या कंपनीत लागला. त्याची मुलगी स्वरूपा शिकली, शिक्षिका झाली आणि पिंपळीच्या शाळेत नेमणूक मिळाल्यावर राहायला जळोचीत द्वारकाबाईकडं आली. भीमाआक्का जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. सकाळी डबा करायचा, पोरगी शाळेत गेली की ओट्यावर बसायचं, ती आली की चहा टाकायचा. द्वारकाबाईचं बरं चाललं होतं. कुणी विचारलं तर ती तसंच सांगायची.

फेब्रुवारीत एके दिवशी स्वरूपा शाळेतून आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"आजी, आज शाळेत मातृभाषा दिन होता. प्रत्येक पोरानं घरी बोलतात त्या भाषेत एक वाक्य सांगायचं होतं. एका बिहारी पोरानं सांगितलं, एका वडाऱ्याच्या पोरानं सांगितलं. आपल्यातली एक पोरगी आहे, अबोली. ती उठली आणि म्हणाली, आमच्यात मराठीच बोलतात. मी तिला म्हणणार होते, अगं नाही, आपली भाषा वेगळी आहे. तर ती म्हणाली, मग बाई तुम्ही सांगा ना एक वाक्य." स्वरूपानं पिशवी खाली ठेवली. "मला एकसुद्धा येत नाही, आजी."

"आता कुणाला येतंय?" द्वारकाबाई म्हणाली.

"तुला येतं."

ते खरं होतं. पण वर्षभरात ती कैकाडीत एक शब्दही बोललेली नव्हती, कारण बोलायचं होतं ते माणूसच उरलं नव्हतं. वस्तीवरच्या आणखी दोघीतिघी म्हाताऱ्यांना भाषा येत होती, पण त्यांची डोकी चालत नव्हती. आणि ते हळदीचं गाणं तर पुरतं कुणालाच येत नव्हतं.

स्वरूपानं फोन समोर ठेवला. "गाऊन दाखव. मी रेकॉर्ड करते."

द्वारकाबाईनं तोंड उघडलं आणि एक ओळ आली. मग थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. आवाज बसका होता, पण ओळी धड होत्या. अशा चौदा ओळी झाल्यावर ती थांबली.

"ही नुसती उत्तरं आहेत ना? मग सवाल?"

"सवाल आक्काचं हुतं."

"पण तू ऐकले असशील की. पन्नास वर्षं!"

ऐकले होतेच. डोळे मिटले की आक्काचं तोंड हललेलं दिसायचं, हात वर गेलेला दिसायचा, नाकातली चमकी दिसायची. पण शब्द यायचे नाहीत. द्वारकाबाईनं आठ दिवस प्रयत्न केला. भांडी घासताना केला, ओट्यावर बसून केला. सवालाची जागा आली की तिथं काहीच नसायचं, आणि तिचं तोंड आपोआप पुढच्या उत्तराला जायचं. याचं तिला दुःख झालं असंही नाही. तिनं स्वरूपाला सांगून टाकलं, "न्हाय येत. जेवढं हाय तेवढं घे."

स्वरूपानं तेवढ्यावर सुरुवात केली. जळोचीत आणि पिंपळीत मिळून कैकाड्यांची नऊ घरं होती. त्यांतल्या आठ पोरी रविवारी दुपारी द्वारकाबाईच्या ओट्यावर यायला लागल्या. त्यात ती अबोली होती, आणि तिची चुलतबहीण सई, जी प्रत्येक गोष्टीला हसायची. द्वारकाबाई एक ओळ म्हणायची आणि पोरी ती मागून म्हणायच्या. पोरी मराठीच्या सवयीनं ओळीचं शेपूट ओढायच्या. "वढू नगा," द्वारकाबाई सांगायची. "हितं तोडायचं. फोक तोडत्यात तसं." ती रागवायची नाही, कौतुकही करायची नाही. दोन तास झाले की पोरी उठून जायच्या आणि ती ओटा झाडायची. स्वरूपा विचारायची, "आजी, बरं वाटलं ना?" ती म्हणायची, "व्हय, बरं वाटलं की."

पण नुसत्या उत्तरांचं गाणं कुणाला कळणार? जून संपताना बारामतीच्या एका कॉलेजकडून स्वरूपाला निरोप आला. डिसेंबरात ते लोककलांचा दिवस करणार होते, नाट्यगृहात. वीस मिनिटं मिळतील. स्वरूपानं हो म्हणून टाकलं आणि मग द्वारकाबाईपुढं येऊन बसली.

"सवाल अजून एका माणसाला येत असतील."

द्वारकाबाईला कुणाचं नाव येणार ते कळलं. "त्यांच्याकडं मी जाणार न्हाय."

सावळारामशी ती चौदा महिने बोलली नव्हती. भीमाआक्काला ताप भरला, धाप लागली, तरी त्यानं तिला तीन दिवस घरातच ठेवलं होतं. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. हे द्वारकाबाईला तेराव्याला बायकांच्या बोलण्यातून समजलं. ती त्याच्यापुढं जाऊन एकच वाक्य बोलली होती, "तुमी मारलं तिला." त्यानं मान खाली घातली होती. त्यानंतर ती इंदापूरला गेली नव्हती, वर्षश्राद्धालासुद्धा. तिच्या मनात सगळं सुन्न असलं तरी हा राग मात्र जागच्या जागी होता. तेवढ्या एकाच गोष्टीवर हात ठेवला की काहीतरी लागायचं.

स्वरूपानं जोर केला नाही. पण अबोलीनं पुढच्या रविवारी विचारलं, "आजी, गाण्यातल्या ह्या बाईला कोण विचारतंय म्हणून ती हे सांगतीया?" त्या आठवड्यात द्वारकाबाई स्वतःच स्वरूपाला म्हणाली, "चल. गाडी कितीची हाय?"

दोघी एसटीनं निघाल्या. लासुर्णे, मग निमगाव केतकी. दोन्हीकडं ऊस उभा होता, मधेच पानमळे. द्वारकाबाई खिडकीतून बघत होती. या सगळ्या रस्त्यानं ती पायी चाललेली होती, पण आता तो रस्ता दुसऱ्या कुणाचा असावा तसा मागं पळत होता.

सावळाराम वस्तीच्या तोंडाला लिंबाखाली बाजेवर बसला होता. पंचाहत्तरीचा माणूस, गालफडं आत गेलेली. नातीला बघून तो हसला. तिच्यामागं द्वारकाबाई दिसली तसं त्याचं हसू तिथंच राहिलं.

"ये," तो म्हणाला.

द्वारकाबाई बसली नाही. "दाजी, आक्काचं सवाल पायजेत. हळदीचं."

"तुला न्हाईत ठावं? जल्मभर शेजारी बसून गायलीस."

"माझ्या तोंडात येत न्हाईत."

त्यानं पायाजवळची चटई पुढं सारली. मग म्हणाला, "बस तरी."

त्यालाही आधी काही आठवेना. ओठ हलवून बघायचा, मान हलवायचा. ढोल कधीच फुटून गेला होता. शेवटी त्यानं सुनेला हाक मारली आणि घरातला कपडे भिजवायचा प्लॅस्टिकचा टब मागवला. तो पालथा घालून त्यानं मांडीत घेतला आणि बोटांनी ठेका धरला. तीनचार फेरे नुसताच ठेका चालला. मग एकदम, बाईच्या गाण्याला न शोभणाऱ्या फुटक्या आवाजात, पहिला सवाल आला.

स्वरूपानं फोन पुढं धरला. द्वारकाबाईनं उत्तर दिलं. दिलं म्हणजे ते आपसूकच तोंडातून बाहेर पडलं. मग दुसरा सवाल, मग तिसरा. वाट चुकलीस तर कुणाला विचारशील? गाढवाला विचारीन, ते माणसासारखं खोटं बोलत नाही. फोका कापायला कुठं जाशील? भीमा नदीच्या अमक्या वळणावर. ते वळण उजनीच्या पाण्याखाली जाऊन चाळीस वर्षं झाली होती. शेजारच्या घरांतली माणसं बाहेर आली. एक म्हातारी ओट्यावर बसून टाळी धरायला लागली. हातात मोबाइल घेतलेली तरणी पोरं थांबून बघायला लागली. सावळारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

अकरा सवाल झाले. मग तो अडला.

"म्होरचं तीन न्हाईत येत," तो म्हणाला.

"आठवून बघा ना आबा," स्वरूपा म्हणाली.

"आठवायचं काय त्यात? ऐकल्यालंच न्हाईत. त्या वक्ताला ठेका थांबायचा, नुसत्या बायका गायच्या. मी बिडी वडाय भाईर जायचो." तो खाली बघत म्हणाला, "कवा बसून ऐकलं आसतं तर..."

माणसं पांगली. सुनेनं चहा आणला. द्वारकाबाई कप हातात धरून बसली होती, तेव्हा सावळाराम टब बाजूला सारून हळूच बोलायला लागला.

"द्वारका, तू म्हणालीस ते मी ऐकून घेतलं. पर आता मी किती दीस हाय, ठावं न्हाय. तवा सांगतो. मी पैल्याच दिशी रिक्षा आणली हुती. तिनं पाय रवलं. म्हणली, दवाखान्यात नेलं की द्वारकीला कळंल. ती धावत यील, रडंल, डोळा जाईल तिचा. नुसता ताप हाय, उतरंल. चार दीस थांबा, तिचा डोळा बसू द्या, मग न्या. रोज हेच. मी ऐकलं तिचं. मी ऐकाय नगं हुतं."

"मग तवाच का न्हाय सांगितलं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"कसं सांगू? तुझ्या डोळ्यापायी गेली म्हणून सांगू? त्यापरीस मला शिव्या देत हुतीस ते बरं हुतं."

स्वरूपा तोंडाला ओढणी लावून उठून गेली. द्वारकाबाईनं कपातला चहा संपवला. काहीतरी होईल म्हणून ती वाट बघत होती. छातीत काही फुटेल, घशाशी काही येईल. झालं एवढंच की तो राग जिथं असायचा, तिथं आता तोही नव्हता. दाजींवर धरायला काही राहिलं नव्हतं, आणि स्वतःवर धरायला हवं ते हाताला लागत नव्हतं.

"डिसेंबरात बारामतीला या," उठताना ती म्हणाली. "पोरी गाणार हाईत."

परतीच्या एसटीत स्वरूपा खिडकीकडं तोंड करून रडत होती. द्वारकाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "फोनमधी समदं आलंय का नीट?"

रविवारची तालीम आता भरायला लागली. चार पोरी सवाल टाकायच्या, चार उत्तरं द्यायच्या, मग उलटं. स्वरूपानं त्याचा छोटा खेळ बसवला. हळदीला बसलेली नवरी, तिला अडवणाऱ्या नवऱ्याकडच्या बायका आणि मधे विणत बसलेली म्हातारी. म्हातारी द्वारकाबाईच होती. शेवटच्या तीन उत्तरांना सवाल नव्हते. स्वरूपा म्हणाली, आपण नवे रचू का? द्वारकाबाई म्हणाली, "रच की. पर ते आक्काचं न्हाईत, हे पोरींना सांग."

त्यातलं एक उत्तर असं होतं, त्याला पाठीवर घेईन, पण मागं वळणार नाही. कुणाला घेईन, कशाला घेईन, कुणालाच माहीत नव्हतं. एका रविवारी अबोली आली आणि ठेक्यावर तिनं एक सवाल म्हणून दाखवला. सहा महिन्यांत उचललेल्या मोडक्यातोडक्या कैकाडीत तिनं तो घरी बसून जुळवला होता. शाळेला जाताना धाकटा भाऊ मागं लागून रडायला लागला तर काय करशील?

सई खो खो हसली. स्वरूपा द्वारकाबाईकडं बघायला लागली.

"हे 'रडायला लागला' न्हाय झालं," द्वारकाबाई म्हणाली. "आसं म्हटलं तर 'लागली' हुतं. भावाची तू भन केलीस." तिनं क्रियापद दुरुस्त करून सांगितलं. अबोलीनं तसं म्हटलं. "हां. आता म्हण परत."

तो सवाल गाण्यात राहिला. बाकीच्या दोन जागा रिकाम्या ठेवल्या. तिथं फक्त ठेका वाजायचा.

डिसेंबरातल्या त्या दुपारी नाट्यगृह निम्म्याच्या वर भरलं होतं. आधी कॉलेजच्या पोरांची लावणी झाली, एक पोवाडा झाला. मग या आठ पोरी डोक्याला फुलं माळून उभ्या राहिल्या आणि द्वारकाबाई निरगुडीच्या ओल्या फोका पुढ्यात घेऊन मंचावर बसली. समोर नुसता उजेड होता, माणसं दिसत नव्हती. स्वरूपानं माइकवरून चार वाक्यांत सांगितलं की ही कैकाडी भाषा आहे, ती आमच्या घरात दोन पिढ्या बोलली गेली नाही आणि हे सवाल माझ्या आजीचे आहेत. मग ठेका सुरू झाला.

पोरींनी चांगलं म्हटलं. कुठंही शेपूट ओढलं नाही. सातव्या सवालाचं उत्तर द्वारकाबाईनं एकटीनं द्यायचं होतं. सवाल आला. तिचे हात विणत होते, तोंड उघडलं होतं, आणि तिला वाटलं, आता हे मी म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. ती विसरली नव्हती. ओळ जिभेवर होती. ती तिनं तिथंच ठेवली. ठेक्याचा एक फेरा रिकामा गेला. मग मागून सईनं, त्याच हसऱ्या सईनं, उत्तर उचललं आणि बाकीच्या तिघींनी तिला साथ दिली. लोकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. द्वारकाबाई विणत राहिली. पुढची सगळी उत्तरं पोरींनीच दिली.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. विंगेत एका सद्गृहस्थांनी द्वारकाबाईला नमस्कार केला आणि म्हणाले, "फार गोड भाषा आहे हो तुमची. जपली पाहिजे." ती म्हणाली, "व्हय." दुसऱ्या कुणी विचारलं, ही कानडीतूनच आलीय का. त्यालाही ती "व्हय" म्हणाली, कारण उभं राहवत नव्हतं. संभाजीनं कंपनीतून सुटी काढून बापाला आणलं होतं. सावळाराम दुसऱ्या रांगेत बसून गुडघ्यावर ठेका धरत होता, असं नंतर स्वरूपानं सांगितलं.

कौसल्याही आली होती. ती गर्दी ओसरेपर्यंत खुर्च्यांच्या रांगेत उभी राहिली, मग आईजवळ आली. चाळिशी पार केलेली, अंगानं भरलेली बाई. तिचा चेहरा ताठ होता.

"लोकांच्या आठ पोरींना शिकवलंस," ती म्हणाली. "मला का न्हाय?"

"तुला मारलं हुतं शाळंत."

"एक थोबाडीत हुती, आई. मी ती इसरूनबी गेले हुते. पर तू आन् मावशी चुलीम्होरं बसून आपल्यात बोलायचा, हसायचा, आन् मी दारात आले की गप. दर येळंला गप. मला वाटायचं, माझ्यावरच हसताय. लगीन होऊस्तवर वाटायचं."

द्वारकाबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. "चूक झाली," ती म्हणाली. कौसल्यानं डोळे पुसले आणि तिच्या हातातली फोकांची पिशवी घेतली. "चल घरी."

कौसल्या त्या दिवशी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपा शाळेत गेल्यावर मायलेकी ओट्यावर वालाच्या शेंगा मोडत बसल्या. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. कौसल्यानं मूठभर शेंगा मोडून ताटात टाकल्या. मग म्हणाली, "मावशीकडं मी सुट्टीत जायची तवा ती मला कुशीत घिऊन झोपायची. आन् झोपताना एक म्हणायची. रोज म्हणायची. ते म्हंजे काय गं?"

"काय म्हणायची?"

कौसल्यानं ते म्हणून दाखवलं. चार शब्द होते, चुकीच्या जागी तोडलेले. पस्तीस वर्षं तिनं ते तसेच मनात ठेवले होते. "मी माझ्या पोरांना झोपवताना तेच म्हणलं. मला वाटायचं, देवाचं काय तरी असंल."

द्वारकाबाईनं शेंग हातातच धरली. "देवाचं न्हाय ते," ती म्हणाली. "सरक तिकडं, माझी पाठ उघडी पडलीया. आसं हाय."

कौसल्या तिच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी तोंड दाबून हसली, मग पदर तोंडात घालून, मग भिंतीला डोकं टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दोनी पोरांना," तिला बोलता येईना, "दोनी पोरांना मी वरसानुवरसं..."

द्वारकाबाई तिचं हसणं ओसरेपर्यंत थांबली. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, निदान तिला तरी तसं जाणवलं नाही. पण शेंगांचं ताट तिनं बाजूला सारलं आणि लेकीच्या जवळ सरकून बसली.

"तू म्हणतीस ते चुकीचं हाय," ती म्हणाली. "आक्का दुसऱ्या शब्दावर थांबायची. आसं बघ." आणि तिनं ते म्हटलं.

कौसल्यानं म्हटलं.

"न्हाय. परत."

दौंडची गाडी अकराची होती. तोवर तिनं लेकीकडून ते सात-आठ वेळा म्हणवून घेतलं.